मौलाना आझाद : किल्ल्यातील दुःख आणि त्यानंतरची पंधरा वर्षे

वाचकहो, चिंचवडच्या रेल्वे स्टेशनवरून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. कोणी पहिल्या पाळीसाठी लोकल पकडून कारखान्यात येतो, कोणी मुलांना घेऊन पुण्याला निघतो, कोणी ईदला गावी जाण्यासाठी ट्रंक घेऊन फलाटावर उभा असतो. स्टेशनाच्या दोन्ही अंगांना आज जी दाट वस्ती दिसते तिचा 1942 साली मागमूस नव्हता. चिंचवड म्हणजे मोरया गोसावींच्या समाधीचे लहानसे गाव आणि रेल्वेमार्गावरचे एक आडबाजूचे स्टेशन. त्या वर्षी 9 ऑगस्टला, रविवारी सकाळी, मुंबईहून निघालेली एक खास गाडी येथे थांबविण्यात आली. महात्मा गांधी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन यांना येथे उतरवून घेऊन मोटारीने येरवड्याच्या आगाखान महालाकडे नेण्यात आले. गर्दी होऊ नये म्हणून सरकारने पुणे टाळून हे लहान स्टेशन निवडले होते. गाडी पुढे निघाली. पुणे स्टेशनात लोकांवर लाठ्या पडू लागल्या हे पाहून पंडित नेहरू डब्याच्या खिडकीतून खाली उडी मारून धावले, हा प्रसंग अनेकांना ठाऊक असेल.

त्याच गाडीत काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष बसले होते. त्यांचे वय 53. आदल्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता, आणि पहाटे पोलीस दाराशी आले तेव्हा जेमतेम झोप लागली होती. हे मौलाना अबुल कलाम आझाद. त्यांच्या राजकारणाविषयी आणि विद्वत्तेविषयी दर वर्षी 11 नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, आपल्या शाळांतून भाषणे होतात. 2008 पासून तो दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. म्हणून येथे त्या भाषणांची पुनरावृत्ती करीत नाही. या पानांत मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे तो उतारवयाकडे झुकलेला, तुरुंगात असताना पत्नी गमावलेला आणि त्यानंतर पंधरा वर्षे एकट्याने जगलेला माणूस. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या चाळीत असा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. कदाचित तो तुमच्याच घरात असेल.

मौलानांचा जन्म 1888 साली मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे पीर, आई अरब घराण्यातील. कुटुंब कलकत्त्यात येऊन राहिले आणि त्यानंतर वर्षभरातच आई गेली. मुलाला वडिलांनी शाळेत घातले नाही. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित हे सारे घरीच शिकविले. इंग्रजी तो पुढे शब्दकोश आणि वर्तमानपत्रे हाताशी घेऊन स्वतःच शिकला. देशाचा पहिला शिक्षणमंत्री झालेला हा गृहस्थ आधुनिक शाळेच्या बाकावर एक दिवसही बसला नव्हता, हे विद्यार्थी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. (त्याचा अर्थ शाळा बुडवावी असा मात्र कोणी काढू नये!)

विवाह अगदी लहान वयात झाला. पत्नीचे नाव जुलेखा बेगम. घरात मूलबाळ राहिले नाही. मौलाना 1912 साली ‘अल हिलाल’ साप्ताहिक काढतात, सरकार आधी दोन हजारांची आणि मग दहा हजारांची जामीनरक्कम मागून ती जप्त करते, छापखाना बंद पडतो, ‘अल बलाग’ निघते, तेही बंद पडते, हा इतिहास पुस्तकांत आहे. पण छापखाना बंद पडला की घरातील चूल कशी चालते, हे पुस्तकांत फारसे सापडत नाही. ती बाजू जुलेखा बेगमनी सांभाळली.

1916 साली मौलानांना बंगालबाहेर काढून रांचीस स्थानबद्ध करण्यात आले. पती जात आहे हे पाहून तरुण पत्नीला आपला कल्लोळ आवरता आला नाही. मौलानांना ते रुचले नाही आणि ते बराच काळ तिच्यावर नाराज राहिले. पुढे सत्तावीस वर्षांनी त्यांनी स्वतःच ही गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि त्या नाराजीने पत्नीच्या आयुष्याची रीतच बदलून गेली हेही कबूल केले आहे. त्यानंतर तिने कधी त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आणले नाही. 1922 साली त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली तेव्हा तिने गांधीजींना कळविले की शिक्षा अपेक्षेपेक्षा फारच हलकी आहे, आणि बंगालमधील खिलाफत समितीचे पतीचे काम आता ती स्वतः पाहील. लोकांनी या धैर्याची वाहवा केली आणि ती योग्यच होती. पण वाचकहो, मला प्रत्येक वेळी वाटते की या धैर्याची किंमत तिने एकटीने मोजली. ज्या घरात रडायची मुभा नसते त्या घरात दुखणे अंगात मुरते. मौलानांविषयी पूर्ण आदर ठेवूनही एवढे म्हणावेसे वाटते.

1940 साली रामगडला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1941 साली ते नैनी तुरुंगात असताना जुलेखा बेगमची प्रकृती फारच बिघडली. सुटल्यावर डॉक्टरांना दाखविले, हवापालट सांगण्यात आला, त्या रांचीला जाऊन राहिल्या आणि 1942 च्या जुलैत थोड्या सुधारून कलकत्त्यास परतल्या. रांची! स्थानबद्धतेची चार वर्षे मौलानांनी जेथे काढली आणि 1917 साली जेथे त्यांनी मदरसा उभारला, तेच गाव.

3 ऑगस्ट 1942 रोजी मौलाना मुंबईच्या बैठकीसाठी निघाले. पत्नी दारापर्यंत आली. काही नवे घडले नाही तर 13 तारखेपर्यंत परतेन, असे त्यांनी सांगितले. खुदा हाफिज यापलीकडे ती काही बोलली नाही. डोळे कोरडे होते, पण चेहऱ्यावर रडे दाटलेले होते. तिला बहुधा कळले होते की ही भेट शेवटची आहे. मौलानांना ते नंतर उमगले.

यानंतर मुंबईचे गवालिया टँक, 8 ऑगस्टचा ठराव, पहाटेची अटक आणि आपल्या चिंचवडवरून गेलेली ती गाडी. दुपारी गाडी अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) पोहोचली आणि कैद्यांना किल्ल्यात नेण्यात आले. चांदबिबीने मोगलांपासून राखला तो हा किल्ला. बारा जण होते : मौलाना, नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव. सुरुवातीस वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. बाहेर देश पेटलेला आणि आत बारा माणसे अंगण उकरून फुलझाडे लावीत होती.

मौलाना पहाटे तीन-चारला उठत. स्वतःचा चहा स्वतः करीत. तो चिनी चहा, बिनदुधाचा. आणि मग लिहीत बसत. नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी या आपल्या मित्राला उद्देशून त्यांनी पत्रे लिहिली, पण ती टपालात पडणारच नव्हती. 1946 साली ती ‘गुबारे खातिर’ या नावाने छापली गेली आणि उर्दू गद्याचा एक ठेवा झाली. त्यांत खोलीत घरटे बांधणाऱ्या चिमण्यांशी झालेली लढाई आणि मग मैत्री, चहाचे प्रकार, फुले, ईश्वराच्या अस्तित्वाचा विचार, असे काय वाटेल ते आहे. एका ठिकाणी त्यांनी हिशेब मांडला आहे : वय त्रेपन्न, त्यांपैकी सात वर्षे आठ महिने तुरुंगात, म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा. आठवड्यातून एक दिवस सुटीचा असावा तसा! स्वतःवर असे हसणे त्यांना जमत असे.

1943 च्या फेब्रुवारीत आगाखान महालात गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास चालू होता. सारे कैदी त्या बातमीकडे कान लावून होते. त्याच सुमारास कलकत्त्याहून वाईट खबरा येऊ लागल्या. तारा मुंबई सरकारमार्फत येत, म्हणून हाती पडेपर्यंत दिवस जात. मार्चच्या अखेरीस प्रकृती गंभीर असल्याची तार आली. तुरुंगाचा अधिकारी, ज्याला मौलानांनी गमतीने चीता खान हे नाव दिले होते, तो स्वतः ती घेऊन आला. तो मनाने भला माणूस असावा. सरकारकडे काही विनंती करायची असल्यास आपण ती ताबडतोब मुंबईला पाठवू, असे त्याने सुचविले. विनंती करायची म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होते. मौलानांनी सांगितले की त्यांची काहीही विनंती नाही. दुपारी नेहरू आले आणि बराच वेळ समजावीत बसले. नेहरूंनाच ते सांगण्याचा अधिकार होता. 1935 साली पत्नीच्या आजारामुळे त्यांची तुरुंगातून सुटका झाली होती आणि 28 फेब्रुवारी 1936 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कमला नेहरूंनी प्राण सोडला तेव्हा ते जवळ होते. मौलानांचे उत्तर बदलले नाही.

येथे तुमचे आणि माझे मत जुळेलच असे नाही. पक्षाचा अध्यक्ष ज्या सरकारला देश सोडून जा असे सांगतो त्याच सरकारकडे अर्ज कसा करील, असे कोणी म्हणेल. तो स्वाभिमान मलाही कळतो. पण कलकत्त्यात अंथरुणावर पडलेल्या त्या बाईचे काय, असाही प्रश्न मनात येतो, आणि त्याचे उत्तर मला सापडलेले नाही. मौलानांना तरी सापडले होते काय? त्यांच्या पत्रातील त्या दिवसांचे वर्णन वाचले तर तसे वाटत नाही. वर्तमानपत्र दुपारी येत असे. अधिकाऱ्याच्या पावलांचा आवाज ओसरीवर ऐकू आला की छाती धडधडू लागे, की आजच्या पानावर काही छापलेले तर नसेल. पण त्यांची पाठ दाराकडे असे. ते लिहीतच राहत. अधिकारी वर्तमानपत्र मेजावर ठेवून जाई, आणि ते थोडा वेळ तसेच पडू देत, जणू काही घाईच नाही. जेवणाच्या वेळी ठरल्या मिनिटाला जेवणघरात जात, रोजच्यासारखे बोलत. घास मात्र घशाखाली उतरत नसे. आणि नंतर त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे की हे सारे सोंग होते, आपल्या शांतपणाला कोठे तडा दिसू नये यासाठी चाललेला अहंकाराचा खेळ होता. एवढ्या मोठ्या माणसाने एवढे स्वच्छ कबूल करावे, यामुळे तर ते मला अधिक जवळचे वाटतात.

9 एप्रिल 1943 रोजी दुपारी तार आली. जुलेखा बेगमचा इंतकाल झाला होता. छत्तीस वर्षांचा संसार संपला. मौलाना 54 वर्षांचे होते. दोन दिवसांनी, 11 एप्रिलला, त्यांनी मित्राला पत्र लिहिले. त्या पत्रात छाती पिटणे नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कोणाची ते कोणाला माहीत नव्हते. शेकडो वेळा ती त्यांच्या नजरेखालून गेली होती. त्या दिवसापासून मात्र तिच्याविषयी त्यांना वेगळीच माया वाटू लागली. ज्या माणसाला स्वतःच्या पत्नीच्या मातीला हात लावता आला नाही, त्याने एका अनोळखी कबरीशी नाते जोडले.

तीन महिन्यांनी भोपाळहून बहीण आबरू बेगम गेल्याची खबर आली. आता त्यांची चौकशी करणारे जवळचे माणूस घरात राहिले नाही.

वाचकहो, अशा वेळी माणूस काय करतो? आपल्याकडे चाळीसावा झाला की नातेवाईक निकाहाचा विषय काढतात. लहान मुले असतील, घर उघडे पडले असेल, तर त्यात वावगे काहीच नाही, आणि शरीयतने त्याला मोकळीक दिलेली आहे. या महाराष्ट्रातच महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण आहे. 1891 साली पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या आणि 1893 साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. समाजाने त्यांना वाळीत टाकले, पण त्या दुसऱ्या घरातूनच विधवांच्या आश्रमाचे आणि स्त्रीशिक्षणाचे काम उभे राहिले. मौलानांची वाट वेगळी पडली. त्यांनी पुन्हा घर मांडले नाही. दोन्ही वाटा सज्जनांच्याच आहेत, आणि एकीने जाणाऱ्याने दुसरीला नावे ठेवू नयेत.

त्यांना सावरले ते, माझ्या समजुतीप्रमाणे, त्यांच्या वेळापत्रकाने. पहाटेचा उठण्याचा नेम चुकला नाही, चहा चुकला नाही, लिहिणे थोडा काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी संगीतावर एक प्रदीर्घ पत्र लिहिले. तरुणपणी त्यांना सतारीचा नाद होता आणि चांदण्या रात्री ताजमहालाशी बसून ती वाजविली होती, ही आठवण त्यात आहे. पत्नी जाऊन पाच महिने झालेला, तुरुंगात बसलेला मनुष्य सुरांविषयी लिहितो. ही विस्मृती नव्हे. ज्याने घरातील कोणी गमावले आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. रेडिओवरचे एखादे जुने गाणे पुन्हा कधी ऐकवले, हे त्याला आठवत असते.

शरीराने मात्र सोंग मानले नाही. अटकेच्या वेळी 170 पौंड असलेले वजन किल्ल्यातून हलविण्याच्या वेळी 130 वर आले होते. मधल्या काळात, 22 फेब्रुवारी 1944 रोजी, येरवड्याच्या कैदेत कस्तुरबा गेल्या. त्या आजारात पेनिसिलीन आणविण्यात आले होते, पण दर चार तासांनी सुई टोचून घेण्याचा छळ गांधीजींनी नको म्हटला. हे औषध तेव्हा परदेशातून येत असे. पुढे दहा वर्षांनी, 1954 साली, आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि 1955 पासून येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. तुमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी तेथे नोकरी केली असेल. विषयांतर झाले खरे, पण आपल्या भागाचा या कहाणीशी असाही धागा आहे.

1945 साली मौलानांना बंगालमधील बांकुडा येथे नेण्यात आले आणि 15 जूनला ते सुटले. हावड्याला उतरले तेव्हा माणसांचा समुद्र लोटला होता, बँड वाजत होता. कैदी सुटला यात वाजविण्यासारखे काय आहे, म्हणून त्यांनी तो थांबवायला लावला. मोटार हारांनी भरून गेली. गाडी घराच्या दिशेने निघाली आणि त्यांना आठवले की तीन वर्षांपूर्वी याच दारात ती उभी राहिली होती, आता दार तेच असेल आणि तेथे कोणी नसेल. त्यांनी गाडी वळवायला सांगितली. कबरस्तानात गेले, हारांमधून एक हार उचलून कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढली. मग घरी गेले. दहा दिवसांनी, 25 जूनला, सिमल्यात व्हाइसरॉयची परिषद सुरू झाली आणि हा अशक्त मनुष्य काँग्रेसचा अध्यक्ष म्हणून तेथे हजर होता.

15 जानेवारी 1947 रोजी अंतरिम सरकारात त्यांनी शिक्षण खाते घेतले आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. फाळणी झाली. ती टाळण्यासाठी ज्याने सर्वांत जास्त जीव तोडला त्याच्याच वाट्याला, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, दिल्लीच्या जामा मशिदीत घाबरलेल्या लोकांपुढे उभे राहून त्यांना थांबविणे आले. दुसऱ्यांदा घर मोडले असे म्हणा. त्यानंतर काम मात्र ओळीने होत गेले : 1948 चा डॉ. राधाकृष्णन विद्यापीठ आयोग, 1951 चे खरगपूरचे तंत्रविज्ञान संस्थान, 1952 चा मुदलियार माध्यमिक शिक्षण आयोग, 1953 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन आणि संगीत नाटक अकादमी, 1954 साली साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी. संगीत अकादमीचे नाव वाचताना मला किल्ल्यातील ते सप्टेंबरचे पत्र आठवते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आलेल्या अभियंत्यांपैकी अनेक जण त्या काळी उभ्या राहिलेल्या तांत्रिक शिक्षणाच्या व्यवस्थेतून शिकून बाहेर पडले. चौदा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण, मुलींचे शिक्षण, प्रौढांचे शिक्षण, यांसाठी ते शेवटपर्यंत आग्रह धरीत राहिले. पैसा मात्र त्यांना हवा तेवढा कधीच मिळाला नाही.

दिल्लीच्या बंगल्यात ते एकटे राहत. रात्री लवकर निजत, पहाटे उठत, चहा करीत. भेटीगाठी त्यांना फारशा आवडत नसत, आणि त्याबद्दल लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. असतीलही थोडे. संध्याकाळी हुमायून कबीर येऊन बसत आणि मौलाना आपल्या आठवणी सांगत. त्या आठवणींत राजकारणाच्या दाट झाडीतून मधेच जुलेखा बेगमचे आजारपण, ती तार, तो हार येतो, आणि मग पुन्हा राजकारण सुरू होते. त्यांतील काही पाने त्यांच्या इच्छेने मोहरबंद ठेवली गेली आणि 1988 साली उघडण्यात आली. ती राजकारणाविषयी होती. पत्नीविषयी जे सांगायचे ते त्यांनी आधीच उघड सांगून टाकले होते.

22 फेब्रुवारी 1958 रोजी पहाटे दिल्लीत त्यांचे निधन झाले. चौदा वर्षांपूर्वी कस्तुरबा गेल्या तीच ही तारीख. जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्यामधील मोकळ्या जागेत त्यांना दफन करण्यात आले. भारतरत्न 1992 साली मिळाले, तेव्हा ते घेण्यास त्यांचे मूल नव्हते. जुलेखा बेगमची कबर कलकत्त्यातच राहिली.